संपलेला सेल आत ठेवू नका

आमच्या घरात ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च. तिच्यात घालतात ते सेल. रिमोटचे बारीक सेल, भिंतीवरच्या घड्याळाचा पेन्सिल सेल, गॅस गीझरचे जाडजूड सेल, वजनकाट्यातली ती चपटी टिकली. किराण्याच्या यादीत सगळ्यात शेवटी लिहिले जाणारे आणि घरात आले की सगळ्यात आधी विसरले जाणारे. त्यांची आठवण होते ती वस्तू बंद पडली की.

आमच्याकडे ती वस्तू होती आईचं बीपी मोजायचं यंत्र. रात्री साडेअकराला तिला गरगरायला लागलं. डॉक्टरांना फोन लावला तर त्यांचा पहिला प्रश्न, बीपी किती आहे? पट्टा दंडाला गुंडाळला, बटण दाबलं, पडद्यावर काहीच नाही. पुन्हा दाबलं. मग यंत्र उलटं करून झाकण काढलं तर आतल्या चार सेलांपैकी दोघांच्या बुडाशी पांढरा भुसभुशीत फुलोरा आलेला, आणि एक स्प्रिंग त्यात पार बुडालेली. आई पडल्या पडल्या म्हणाली, “खारं आलं वाटतं त्याला.” शेजारच्या काकांचं यंत्र आणून त्या रात्रीचं भागलं, बीपी थोडं वाढलेलं होतं, गोळीने खाली आलं. पण ते यंत्र आम्ही पाचेक महिने उघडलंच नव्हतं. तब्येत बरी आहे म्हणून ते कपाटात होतं, आणि कपाटात होतं म्हणूनच ते बिघडलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात दाखवलं तर ‘आता नवीनच घ्या’ असं उत्तर मिळालं. नवीन घेतलं नाही. अर्धं लिंबू, कानातली काडी आणि तासभर वेळ एवढ्यावर ते पुन्हा चालू झालं. म्हणून सांगतो, सेल गळला म्हणजे वस्तू गेली असं नाही. फक्त हात लावण्याआधी आत कुठल्या जातीचा सेल गळलाय ते पाहा. औषध त्यावर ठरतं.

आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या, चार्ज न होणाऱ्या सेलांच्या मुख्य जाती दोन. पहिली जुनी आणि स्वस्त, जस्त-कार्बनची. हिचा मूळपुरुष जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच माणसाने १८६६ साली केला. तो बरणीतला, ओला होता. त्याचा कोरडा अवतार अजून आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात सुट्टा मिळतो. हिच्यात एक गंमत आहे. सेलचा जस्ताचा डबा हेच त्याचं इंधन. सेल वापरला जातो तसा त्याचा स्वतःचाच डबा आतून खाल्ला जातो, पातळ होत जातो, आणि अखेरीला त्याला बारीक भोकं पडतात. आतला ओलसर, आम्लधर्मी लगदा मग बाहेर पाझरतो. चुलीने स्वतःचीच भिंत जाळावी तसा हा प्रकार. म्हणजे हा सेल संपत येतो तेव्हाच सगळ्यात जास्त गळायला टेकलेला असतो.

दुसरी जात अल्कलाइन. महाग, जास्त टिकणारी, जाड पोलादी डब्यातली. डबा फुटत नाही, पण आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. कॉस्टिक सोड्याचा सख्खा भाऊ म्हणा. हा सेल संपला आणि तसाच पडून राहिला की आत हायड्रोजन वायू साठतो, दाब वाढतो आणि बुडाचं सील सुटतं. पूर्वी हा वायू धरू नये म्हणून सेलात थोडा पारा घालत. पारा विषारी, म्हणून तो काढला, ते बरंच झालं. सील वजा टोकाला असतं, म्हणून गळती तिथून होते, आणि वजा टोक टेकतं स्प्रिंगेला. गळक्या यंत्रात स्प्रिंगच आधी का जाते, त्याचं हे उत्तर. बाहेर आलेला द्रव हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि सुकून पांढरा फुलोरा होतो. जुन्या भिंतीला लोणा लागतो ना, दिसायला तसाच.

जात ओळखायची कशी? सेलवर वाचा. ‘अल्कलाइन’ असं बहुधा लिहिलेलंच असतं. नसेल तर बारीक अक्षरातला क्रमांक बघा. पेन्सिल सेलवर नुसतं ‘आर ६’ असेल तर तो जस्त-कार्बन, ‘एलआर ६’ असेल तर अल्कलाइन. बारीक सेलचं तसंच, ‘आर ०३’ आणि ‘एलआर ०३’. सगळा खेळ त्या एका ‘एल’चा. मोठ्या सेलवर ‘आर २०’. सेल इतका खराब झाला असेल की काहीच वाचता येत नाही, तर बाहेर आलेल्या मालाकडे पाहा. कोरडा पांढरा फुलोरा म्हणजे बहुतेक अल्कलाइन; ओलसर, चिकट, तपकिरी-काळपट राड म्हणजे बहुतेक जस्त-कार्बन.

आता सफाई. आधी एक गोष्ट करू नका, जी मी त्या रात्री केली. फुंकर मारू नका. झाकण उघडून भुकटी दिसली की तोंड आपोआप पुढे जातं. माझी फुंकर थेट माझ्याच चष्म्यावर आली. चष्मा नसता तर ती भुकटी डोळ्यात गेली असती, आणि अल्कली डोळ्यात जाणं ही साधी गोष्ट नव्हे. चुकून गेलीच तर नळाखाली डोळा उघडा धरून चांगली वीस मिनिटं पाणी मारत राहा आणि मग थेट डॉक्टरकडे. ‘क्षाराला आम्ल’ म्हणून लिंबू-बिंबू डोळ्यापाशी आणूसुद्धा नका. हाताला लागलं तर बोटं साबण लागल्यासारखी बुळबुळीत होतात. तो साबणच असतो, तुमच्या कातडीतल्या तेलाचा होऊ लागलेला. लगेच धुवा. हातमोजे नसतील तर भाजी बांधून आलेली प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवली तरी काम भागतं. खाली वर्तमानपत्र पसरा, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, खिडकी उघडा.

सेल बोटाने काढा. निघत नसेल तर आईस्क्रीमच्या लाकडी काडीने उचका. स्क्रूड्रायव्हर नको, तो दोन टोकांना टेकला तर सेल शॉर्ट होतो, आणि घसरला तर प्लॅस्टिक तोडतो. सुटी भुकटी कोरड्या जुन्या टूथब्रशाने हलकेच कागदावर झाडा आणि तो ब्रश परत मोरीत ठेवू नका, टाकून द्या.

अल्कलाइनसाठी आम्ल लागतं. गोव्यातल्या स्वयंपाकघरात शिर्को, म्हणजे तिकडचं व्हिनेगर, हाताशी असतो, आमच्याकडे लिंबू. पांढरं व्हिनेगर असेल तर उत्तम, कारण मागे काही चिकट राहत नाही. लिंबू वापरलंत तर रस गाळून घ्या, नाहीतर गर आणि साखर आत बसते आणि पुढच्या आठवड्यात मुंग्या येतात. हे ऐकीव नाही, आमच्या बाहेरच्या खोलीतल्या घंटीत झालेलं आहे. कानातली काडी रसात बुडवा, पिळून काढा, थेंब गळायला नको, आणि भुकटीवर टेकवा. फसफस होईल. लिंबू-सोड्यात होते तीच ही, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. ती होतेय तोवर काम चालू आहे. काडी काळी-हिरवी झाली की दुसरी घ्या. बीपीच्या यंत्राला मला अकरा काड्या लागल्या. नवव्या काडीपर्यंत फसफस होती. दहाव्या आणि अकराव्यावर फक्त ओल दिसली, तेव्हा थांबलो.

इथेच बहुतेकांचं चुकतं. फसफस थांबली, पुसलं, सेल घातले, झालं! पण आता तिथे आम्ल आहे, आणि ते स्प्रिंगेला खायला बसलंय. म्हणून स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या काडीने दोनदा पुसा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते थोडं मिळालं तर शेवटचा हात त्याचा द्या. पाणी ओढून घेऊन ते उडून जातं. सॅनिटायझरचा जेल मात्र चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं. मग झाकण उघडं ठेवून यंत्र पंख्याखाली रात्रभर राहू द्या. हेअर ड्रायरची घाई करू नका, प्लॅस्टिक वाकतं.

सकाळी स्प्रिंग आणि समोरची पत्री निरखून पाहा. चकचकीत असतील तर सुटलात. काळपट किंवा हिरवट दिसतील, म्हणजे पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर येतो तसा कळंक असेल, तर शाळेतल्या खोडरबराने घासा. रबर पुरत नसेल तर अगदी मऊ पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा, तोही दोन-चार हात. जास्त घासलं तर वरचा निकेलचा मुलामा निघतो, आणि मुलामा गेला की आतलं लोखंड महिन्याभरात गंजतं. स्प्रिंग हाताने दाबल्यावर मोडलीच, तर तिला जोड मिळतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्त करणारा एक तरी माणूस असतोच. ‘स्प्रिंग बदलून द्या’ एवढंच म्हणायचं.

मोडलेल्या स्प्रिंगेच्या जागी चॉकलेटचा चांदीचा कागद घडी करून घालायची आपली जुनी सवय आहे. रात्रीपुरतं ठीक. पण तो कागद ॲल्युमिनियमचा, आणि अल्कली ॲल्युमिनियमला विरघळवते. राहिलेल्या गळतीत तो तसाच ठेवलात तर आठवड्याने चाळणी झालेला मिळेल.

जस्त-कार्बनची गळती असेल तर लिंबाचा उपयोग नाही. तिथे आधीच आम्ल आहे. खाण्याचा सोडा चमचाभर घ्या, त्यात पाण्याचे थेंब घालून उटण्याइतकं सैल करा, काडीने लावा, पाच मिनिटांनी ओल्या काडीने पुसून काढा. बाकीचं सगळं वरच्यासारखंच. जात कळलीच नाही तर लिंबाचा एक थेंब टाकून बघा. जोरात फसफसलं तर लिंबू चालू ठेवा, ढिम्म राहिलं तर सोड्याकडे वळा.

या जस्त-कार्बनच्या गळतीचं माहेरघर म्हणजे गॅस गीझर. बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत, कायम दमट जागी, बुडाशी एक लहानसा डबा असतो आणि त्यात ठिणगीसाठी दोन मोठे सेल. पावसाळ्यात ते आतल्या आत कुजतात. गीझर पेटत नाही म्हणून आपण मिस्त्रीला बोलावतो, तो येतो, सेल काढतो, पत्री घासतो, नवे सेल घालतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. मिस्त्रीवर माझा राग नाही. हे काम आपलं होतं. मात्र डबा ओढण्याआधी गॅसचा कॉक बंद करा. आणि सेल बदलल्यावरही पेटला नाही, तर पुढचं खरंच मिस्त्रीचं काम आहे, तिथे हात घालू नका.

जुन्या धातूच्या टॉर्चमध्ये सेल फुगून अडकतो, तो सगळ्यात हट्टी. टॉर्च गॅसवर तापवणं, सेलात खिळा ठोकून ओढणं, हे प्रकार मी पाहिलेत आणि एकाच्या मनगटावर त्याचा डागही पाहिलाय. बंद सेल तापवला की फुटतो. दोन्ही बाजूची टोपणं उघडत असतील तर जस्त-कार्बनसाठी सोड्याचं पाणी, अल्कलाइनसाठी व्हिनेगर फटीतून सोडा, तासभर उभा ठेवा, मग तळहातावर किंवा जाड फडक्यावर आपटा. दोन-तीनदा करून नाही निघाला तर टॉर्चला नमस्कार करा. तिच्यापेक्षा बोटं महाग आहेत.

आणखी थोडं ‘नको’ सांगतो. यंत्र नळाखाली धरू नका. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. तांब्या-पितळेच्या भांड्यांची पावडर किंवा चिंचेचा कोळही नको. देवाची भांडी त्याने उजळतात, पण सर्किटच्या फटीत गेलेली चिंच परत बाहेर काढता येत नाही. आणि यातलं एक अक्षरही मोबाइलच्या किंवा पॉवर बँकेच्या फुगलेल्या बॅटरीला लागू नाही. ती लिथियमची; तिला टोचू, दाबू, पुसू नका. चार्जिंग बंद करा, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या. चपट्या टिकल्यांबद्दल एकच सांगतो, पण ते मोठ्याने. त्या लहान मुलाने गिळल्या आणि घशाखाली अडकल्या तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, आणि वस्तूसाठी ‘संपलेली’ टिकलीसुद्धा त्याला पुरेशी असते. ओकारी काढायच्या भानगडीत न पडता तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

हे सगळं झालं गळल्यानंतरचं. पण सेल गळतात त्यातले निम्मे आपणच गळवतो. रिमोट चालेना की आपण तो तळहातावर आपटतो. आपटल्याने संपर्कावरचा थर जरासा हलतो आणि रिमोट चालतो, मग आपल्याला वाटतं मार लागू पडला. खरं तर रिमोट आपटावा लागला, म्हणजे झाकण उघडून पाहायची वेळ झाली. त्यानंतर सेल काढून एकमेकांच्या जागी घालतो. मग उन्हात ठेवतो. आमच्या लहानपणी तर पेन्सिल सेल दाताने चावून चेपायचे. क्रिकेटची कॉमेंट्री शेवटच्या षटकांत आली की घरातल्या सगळ्यात बळकट दातांना हे काम असे. उन्हाने सेलला जरा जान येते, हे खोटं नाही. पण येते ती मरणाऱ्या माणसाला शेवटची शुद्ध यावी तशी. डबा आधीच पातळ, वरून ऊन, वरून दात. तो गळणारच. आणि चावताना आतला माल तोंडात येतो, ते वेगळंच.

दुसरी सवय काटकसरीची. चारपैकी दोनच सेल बदलायचे. नवा सेल जोर लावतो, जुन्यात दम नसतो, आणि नवा त्या जुन्याला उलटा ढकलत राहतो. वायू धरतो तो जुना सेल आणि फुटतोही तोच. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच जातीचे. जस्त-कार्बन आणि अल्कलाइन एका डब्यात शेजारी शेजारी नकोत. सेलवर ‘लीक-प्रूफ’ लिहिलेलं असतं, त्याचा भरवसा सेल संपल्यावर किंवा त्याच्यावर छापलेली तारीख उलटल्यावर धरू नका.

काढलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्राहकावरही ही जबाबदारी टाकली आहे की वापरलेले सेल घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळे द्यायचे. सेलवर फुली मारलेली कचरापेटी छापलेली असते तिचा अर्थ तोच. पण नियमापेक्षा मला तो कचरा हाताने निवडणारी बाई आठवते. तिच्याकडे ना लिंबू असतं, ना वीस मिनिटं वाहणारा नळ. प्लॅस्टिकच्या बरणीत सेल साठवा, टिकल्यांना आणि चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलला टोकांवर चिकटपट्टी लावा, आणि ई-कचऱ्याच्या संकलनाला बरणी द्या. सोसायटीत एकाने पुढाकार घेतला तर वर्षातून एकदा सगळ्यांच्या बरण्या एकत्र जातात.

आता मागणं. खंडेनवमीला आपण विळी, कोयता, पान्हे, शिवणयंत्र, गाडी असं सगळं पुसून पूजेला मांडतो. यंदा त्या रांगेत टॉर्च, बीपीचं यंत्र, साखर मोजायचं यंत्र, वजनकाटा, सगळे रिमोट आणि भिंतीवरची घड्याळं आणून ठेवा. प्रत्येकाचं झाकण उघडा. नव्या सेलवर पेनाने महिना लिहा. गुढीपाडव्याला पुन्हा उघडा. मध्ये सहा महिने जातात, तेवढं पुरतं. महिना-दोन महिने लागणार नाही अशा वस्तूतले सेल बाहेरच राहू द्या. परगावी किंवा परदेशी मुलांकडे जाताना घर बंद करताय तर गॅस आणि पाण्याच्या जोडीला रिमोटचे सेलही काढा. गावाकडच्या बंद घरातली टॉर्च तर हमखास गळते. आईवडील एकटे राहत असतील तर पुढच्या खेपेला गेल्यावर हे काम तुम्ही करा. म्हाताऱ्या बोटांना ती झाकणं उघडत नाहीत आणि ते तसं सांगतही नाहीत.

आईचं यंत्र आता तिच्या उशाशी असतं, आणि त्याच्या पिशवीत औषधाच्या रिकाम्या डबीत चार सेल वेगळे. डबीवर तिने चिकटपट्टी लावून जाड पेनाने लिहिलंय: ‘आधी हे घाल. मग डॉक्टरला फोन.’